पॅन्टचा नंबर म्हणजे कंबर नव्हे: शुगरचा धोका टेपनं घरच्या घरी कसा मापायचा

मी डॉक्टर नाही, टेलर आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं वडलांच्या वेळेपासनं दुकान आहे, पॅन्ट-शर्टाचं काम. माणसाच्या कमरेला टेप लावायचं काम माझ्याइतकं कुठल्या डॉक्टरनं केलं असेल असं वाटत नाही, आणि तरीपण माझी स्वतःची कंबर मी पन्नाशी उलटेपर्यंत नीट मापली नव्हती, म्हणून हे लिहितोय.

झालं असं की एका शिबिरात माझं वजन-उंची घेतली. उंची १६६ सेंटीमीटर, वजन ६२ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा हिशोब, निघाला २२.५, म्हटले काका एकदम फिट, जावा. मी पण खूश, घरी येऊन दोन वाट्या पांढरा रस्सा जास्त घेतला. पुढच्या वर्षी दाढ काढायला गेलो तर दातांच्या डॉक्टरांनी आधी शुगर बघून या म्हणून सांगितलं, आणि उपाशीपोटीची शुगर आली ११८, एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, ६.२. म्हणजे अजून डायबेटीस नाही पण उंबरठ्यावर. हातपाय काड्या, गालफडं बसलेली, आणि शुगर कुठनं आली? त्या रात्री दुकानात शर्ट वर करून टेप लावली तर कंबर ९२ सेंटीमीटर, सव्वाछत्तीस इंच, आणि मी घालत होतो ३३ नंबरची पॅन्ट!

इथंच सगळी गोम आहे. पुरुष माणूस पोट सुटलं की पॅन्ट वर घालत नाही, पोटाखाली सरकवतो. आमच्या जुन्या माप वह्या काढून बघितल्या तर एकेक गिऱ्हाईक दहा-दहा वर्षं ३४ वरच थांबलेलं दिसतं, मात्र कमरेपासनं जांघेपर्यंतचं माप दरवेळी थोडं थोडं कमी होत गेलेलं, म्हणजे पॅन्ट खाली खाली चाललीय आणि पोट वरनं बाहेर येतंय. तो गडी मात्र सांगत फिरतोय की लग्नापासनं माझा नंबर बदलला नाही. रेडिमेडवाल्यांचं तर विचारूच नका, लेबलवर ३४ आणि टेप लावली तर ३६ भरतं. बायकांचं अजून अवघड, परकराच्या नाडीला नंबरच नसतो, ती आपली सैल करत जायची, आणि पंजाबी ड्रेसच्या सलवारीला इलॅस्टिक. कापडं काहीच सांगत नाहीत, म्हणून टेप घ्यायची.

आधी टेप कशी आहे ते बघा. आमच्याकडं जी पिवळी-पांढरी टेप असते ती १५० सेंटीमीटरची, एका बाजूला इंच एका बाजूला सेंटीमीटर. वापरून वापरून ती ताणली जाते, आणि ताणलेली टेप माप कमी दाखवते, हे लक्षात ठेवा. पोराच्या कंपासपेटीतली ३० सेंटीमीटरची स्टीलची पट्टी शेजारी ठेवून बघा, जुळत नसेल तर टाकून द्या, महाद्वार रोडला शिलाईच्या सामानाच्या दुकानात वीस-तीस रुपयांत नवीन मिळते. लोखंडी, पत्र्याची सुताराची टेप वापरू नका, ती पोटावर बसत नाही. आणि माप सेंटीमीटरमधेच लिहा, डॉक्टरी आकडे सगळे त्यात आहेत, इंचात लिहिलं की पाव-अर्धा करण्यात घोळ होतो. इंचच हातात बसले असतील तर २.५४ नं गुणा.

आता कंबर. सकाळी उठून, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. शर्ट-बनियन काढायचं, नाडी किंवा बेल्ट सैल करायचा, कापडावरनं घेतलेलं माप धरायचं नाही. दोन पायांत थोडं अंतर, वजन दोन्ही पायांवर सारखं. मग बोटानं कुशीला चाचपा, सगळ्यात खालची बरगडी कुठं संपते ते लागेल, आणि खाली कमरेचं हाड जिथनं सुरू होतं त्याचा वरचा काठ लागेल. या दोन्हीच्या मधोमध पेनानं खूण करा, दुसऱ्या कुशीला पण करा. टेप त्या खुणांवरनं फिरवायची. बेंबीवरनं नाही! सगळे बेंबीवरनंच घेतात, पण पोट ओघळलं की बेंबी पण खाली जाते, त्यामुळं दरवेळी जागा बदलते आणि हाडं मात्र बदलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत हीच मधोमधची आहे. अमेरिकेत काही ठिकाणी कमरेच्या हाडाच्या काठावरनंच घेतात, ते पण चालतं म्हणा, पण एक काय ती जागा धरा आणि तीच ठेवा.

टेप पाठीमागं खाली उतरते, ही नव्या पोरांची म्हणजे आमच्या कारागिरांची पण पहिली चूक. ती जमिनीला समांतर पाहिजे चारी बाजूनं, म्हणून आरशासमोर उभं राहा नाहीतर घरच्या कुणाला तरी मागनं बघायला सांगा. टेप कातडीला टेकली पाहिजे पण रुतायला नको, आम्ही ब्लाऊज-शर्टाला जसं एक बोट आत घालून लूज ठेवतो तसं इथं करायचं नाही, आणि आवळायचं पण नाही. श्वास नेहमीसारखा घ्या, नेहमीसारखा सोडा, सोडून झाला की आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. हे सांगायला सोपं आहे, पण टेप लागली की माणूस आपोआप पोट आत घेतो, तीस वर्षांत मी एक पण गिऱ्हाईक असं बघितलं नाही जे घेत नाही, म्हणून मी माप घेताना बोलत बसतो, काय पाऊस, पंचगंगेला पाणी किती, बोलताना पोट सुटतं मग पटकन वाचतो. घरी पण हीच युक्ती करा. दोनदा मापा, दोन्हीत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर परत दोनदा.

आता हा आकडा कशाशी लावायचा. आपल्या भारतीय लोकांसाठी हद्द अशी धरतात की पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटर आणि बाईची ८०. तिथं पोचलात की पोटाचा लठ्ठपणा. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मधे त्याच्या आधीची पण एक पायरी सांगितलीय, पुरुष ७८ आणि बाई ७२, म्हणजे इथनं पुढं जपा, वाढू देऊ नका. ७८ ऐकून आमच्या तालमीजवळच्या कट्ट्यावरची पोरं हसली, म्हणाली मग सगळं कोल्हापूरच जपायला लागतंय. हसा, पण आकडा तोच आहे.

दुसरं माप उंचीचं, आणि मला विचाराल तर सगळ्यात भारी हेच आहे. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी पाहिजे, बस. १६६ उंचीला ८३. बाई असो पुरुष असो हिशोब तोच, त्यामुळं आकडे पाठ करायला लागत नाहीत. कंबर भागिले उंची केलं की ०.५ च्या आत ठीक, ०.५ ते ०.५९ धोका वाढलेला, ०.६ च्या पुढं जास्तच. इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेनं २०२२ पासनं लोकांना हेच सांगायला सुरुवात केलीय. माझं ९२ भागिले १६६, म्हणजे ०.५५.

ज्याला भागाकार नको त्यानं सुतळी घ्यावी. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, डोक्यापासनं टाचेपर्यंत सुतळी कापायची, मधोमध दुमडायची आणि ती दुमडलेली सुतळी कमरेला, मघाशी खूण केली तिथं, गुंडाळायची. टोकं एकमेकांना पोचली तर बरं आहे, पोचली नाहीत तर कंबर निम्म्यापेक्षा जास्त. आमच्या आईला आकडे वाचता येत नाहीत पण हे तिला एका झटक्यात कळलं, आणि तिनं ती सुतळी घेऊन गल्लीतल्या पाच-सहा बायकांना सांगायला सुरुवात केली, तेव्हा तिला सांगायला लागलं की आई सुतळी तुझ्या उंचीची आहे, प्रत्येकीला वेगळी पाहिजे.

तिसरं माप म्हणजे कंबर आणि सीट. सीट म्हणजे आमच्या भाषेत ढुंगणाचा सगळ्यात भरलेला भाग, तिथनं टेप आडवी फिरवायची, पाय जुळवून. कंबर भागिले सीट. पुरुषाचं ०.९० च्या वर आणि बाईचं ०.८५ च्या वर गेलं की धोका. माझं ९२ भागिले ९३, म्हणजे ०.९९. नळकांडं. पण या मापाची एक गंमत आहे. आमच्या मंडळींची उंची १५२, कंबर ८४, सीट १००. भागाकार ०.८४ येतो, म्हणजे पास. पण कंबर ८० च्या वर आहे आणि उंचीच्या हिशोबानं ०.५५, माझ्याइतकीच. ती म्हणाली मी पास झाले, मी म्हटलं एका विषयात. मांड्या आणि सीटवरची चरबी पोटातल्या चरबीसारखी त्रास देत नाही, उलट थोडी राखणच करते म्हणतात, त्यामुळं रुंद सीटवाल्यांचं हे माप चांगलं येतं. शिवाय वजन उतरायला लागलं की कंबर आणि सीट दोन्ही उतरतात, भागाकार तिथंच राहतो, माणूस नाराज होतो. म्हणून हे एकदा काढून ठेवा, महिन्याला बघत बसू नका.

बीएमआय राहिला. वजन किलोत, भागिले उंची मीटरमधे, आणि परत भागिले तीच उंची. जगात २५ च्या वर जादा वजन आणि ३० च्या वर लठ्ठ म्हणतात, पण आपल्याला ते लागू करत नाहीत, आपल्याकडं २३ पासनं जादा आणि २५ पासनं लठ्ठ. हा हिशोब क्वेटेले नावाच्या बेल्जियमच्या माणसानं १८३० च्या आसपास काढलेला, तो डॉक्टर नव्हता, आकडेवारीवाला होता, हे कळल्यावर मला टेलर असण्याचं काही वाटेनासं झालं. बीएमआय वाईट नाही, मोठ्या गर्दीत कोण धोक्यात आहे ते तो सांगतो. पण मांस किती, चरबी किती, आणि चरबी नेमकी कुठं हे त्याला कळत नाही. आपल्याकडं तर दोन्ही टोकं बघायला मिळतात. तालमीत रोज जोर-बैठका मारणारा पैलवान बीएमआयनं लठ्ठ निघतो आणि कंबर बघितली तर व्यवस्थित, आणि माझ्यासारखा दिवसभर मशीनवर बसणारा बीएमआयनं फिट निघतो. आणि तोच पैलवान कुस्ती सुटल्यावर बघा, मेहनत बंद होते, दूध-तूप-थंडाई चालूच, मग पाच वर्षांत शर्टाची दोन बटणं लागत नाहीत. अशी मापं माझ्या वहीत भरपूर आहेत.

बारीक दिसणाऱ्या माणसाला शुगर का, याचं सगळ्यात चांगलं उत्तर पुण्यातनंच आलेलं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मधे लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सारखा बीएमआय आणि चरबी दुपटीपेक्षा जास्त! याज्ञिकांच्या टीमनं पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९३ पासनं गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात असं दिसलं की आपली बाळं जन्मतःच वजनाला कमी, मांस कमी, पण चरबी मात्र त्या मानानं टिकून असलेली. म्हणजे दिसायला बारीक, आतनं लठ्ठ. हे वाचलं तेव्हा शिबिरातल्यांवरचा माझा राग जरा कमी झाला.

आणि चरबी पोटातच का नडते? चिमटीत येते ती कातडीखालची, ती त्यातल्या त्यात गरीब. आतड्यांभोवती, लिव्हरमधे साठते ती वांड. तिच्यातनं सुटलेलं तेल थेट लिव्हरला जातं, लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि गरज नसताना रक्तात साखर सोडत राहतं. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन काढून काही वर्षं ओढून नेतं, आणि दमलं की शुगर वर यायला लागते. ही जी मधली वर्षं असतात ना, त्यात काही दुखत नाही, खुपत नाही, फक्त कंबर वाढते. अजून एक खूण सांगतो, कॉलरचं माप घेताना दिसते, मानेच्या मागं काळी, मखमलीसारखी जाड झालेली कातडी. लोक मळ समजून घासतात. ती बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते, घासून जात नाही, शुगर तपासा.

नुसत्या कमरेवर पण निकाल लावू नका. अभ्यासांत कमरेची मापं बीएमआयपेक्षा जरा सरस ठरतात, पण फरक काही जमीन-अस्मानाचा नाही, आणि वय, घराणं, बसणं-उठणं हे धरल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. त्यासाठी चेन्नईच्या मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशननं, म्हणजे डॉ. मोहन यांच्या टीमनं, २००५ मधे एक साधा हिशोब काढलाय, रक्त न काढता होतो. वय ३५ च्या आत शून्य, ३५ ते ४९ असेल तर २०, पन्नास आणि पुढं ३०. कंबर पुरुषाची ९० च्या आत, बाईची ८० च्या आत असेल तर शून्य, पुरुष ९० ते ९९ आणि बाई ८० ते ८९ असेल तर १०, त्याच्या पुढं २०. व्यायाम पण आहे आणि काम पण अंगमेहनतीचं असेल तर शून्य, दोन्हीतलं एकच असेल तर २०, काहीच नसेल तर ३०. आईवडलांत कुणाला डायबेटीस नसेल तर शून्य, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ३० च्या आत कमी धोका, ६० आणि वर जास्त धोका, मधलं मधलं. माझं लावा: वय ५२ म्हणून ३०, कंबर १०, मशीनवर बसून काम आणि व्यायाम शून्य म्हणून ३०, आईला डायबेटीस म्हणून १०. झाले ८०. आता यात बघा, वय आणि आई माझ्या हातात नाही, पण उरलेले ४० आहेत. तुमच्या गल्लीत आशाताई फॉर्म घेऊन येतात त्यात पण कमरेचं माप असतं, तीसच्या पुढच्या सगळ्यांचं. लाजून अंदाजे सांगू नका, त्यांना टेप लावू द्या.

बेरीज ६० आली, किंवा कंबर हद्दीबाहेर गेली, तर पुढचं पाऊल रक्ताचं, टेपचं काम तिथं संपलं. रात्रीचं जेवण झाल्यावर आठ तास काही न खाता शुगर द्यायची. १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ उंबरठा, १२६ आणि वर डायबेटीस, पण परत तपासून खात्री केल्याशिवाय शिक्का मारत नाहीत. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासनं डायबेटीस. उलटं पण सांगतो, कंबर चांगली आली म्हणजे शुगर नाही असं नाही, घरात असेल, गरोदरपणात शुगर आली असेल, तर कंबर ७० असली तरी तपासा. देशात दहा कोटींवर लोकांना डायबेटीस आणि साडेतेरा कोटींच्या आसपास उंबरठ्यावर, असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या मोठ्या अभ्यासात आलंय, तेव्हा आपण एकटे नाही.

गरोदर बाई, नुकतीच बाळंतीण, पोटात पाणी झालेला माणूस, यांना ही मापं लागू नाहीत. लहान पोरांना पण ९०-८० लावू नका, त्यांचं वयाप्रमाणं वेगळं असतं, पोरांच्या डॉक्टरला विचारा. आणि बायकोची कंबर चारचौघांत मोठ्यानं वाचायची नाही, हे मी अनुभवानं सांगतोय.

माप महिन्यातनं एकदाच, ठरलेल्या तारखेला. रोज घेतलं तर गॅस, मीठ, आदल्या दिवशीचं जेवण यावरच वर-खाली होत राहतं आणि डोकं फिरतं. वहीत तारीख, कंबर, वजन, तीन रकाने. वजन हललं नाही तरी कंबर उतरते, चालायला सुरुवात केली की हे होतं, तेव्हा वजनकाट्यावर रुसू नका. मी काय केलं ते थोडक्यात सांगतो: सकाळी रंकाळ्यावर पाऊण तास चालणं, दुकानात दर तासाला उठून उभ्यानं कटिंग, दुपारचा भात निम्मा, चहातली साखर बंद. मटण सोडलं नाही, खोटं कशाला सांगू, पण रश्शाबरोबर भाकरी एकच.

वहीतली पहिली ओळ ९२ ची आहे, मग ९१, परत ९२ (गणपती), ९०.५, ८९, आणि दीड वर्षानं गेल्या महिन्यात ८७. वजन ५९. एचबीएवनसी ५.८, अजून उंबरठ्यावरच. सुतळीची टोकं अजून दोन बोटं लांब राहतात, ८३ ला पोचतील. मशीनवर रात्री माझ्याच पॅन्टी आत घेत बसतोय, पण आतलं कापड कापलेलं नाही, मार्जिन तसंच दुमडून ठेवलंय.